पर्यावरणीय ध्येये, जागतिक

निसर्गाचा ऱ्हास थोपविणे, हवा, पाणी व माती यांची शुद्धता राखणे आणि पृथ्वीची जीवधारणक्षमता पुढील पिढ्यांसाठी टिकविणे, यांकरिता राष्ट्रांनी एकत्र येऊन स्वीकारलेल्या उद्दिष्टांना जागतिक पर्यावरणीय ध्येये म्हणतात. आंतरराष्ट्रीय परिषदांचे जाहीरनामे, करार आणि त्यांना जोडलेली संधिपत्रे यांतून ती मांडली जातात. ही ध्येये मानवजातीच्या आवाक्यातील आहेत, की ती केवळ सदिच्छा आहेत, हा वाद त्यांच्याइतकाच जुना आहे. गेल्या अर्धशतकाचा इतिहास पाहता, ध्येय किती उदात्त आहे यावर त्याची साध्यता फारशी अवलंबून नसते. ते किती निश्चित आहे, त्याचा भार कोणावर पडतो आणि ते राखण्यात कोणाचे हित आहे, यांवर ती अवलंबून असते, असे दिसून येते. महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा हे याचे बोलके उदाहरण होय. रत्नागिरी शहराच्या उत्तरेस गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे व वारे या गावांच्या जोड पुळणी आहेत. टेकडीवरून उतरणारा रस्ता, खाडीचे मुख, सुरूची बने आणि मोकळी वाळू असे त्यांचे स्वरूप आहे. अशी पुळण मोकळी का राहते आणि पुढे राहील किंवा नाही, या प्रश्नाचे धागे स्टॉकहोमपासून ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचतात.

ऐतिहासिक आढावा : संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद स्टॉकहोम येथे ५ ते १६ जून १९७२ या काळात भरली. तीत ११३ देशांनी भाग घेतला आणि २६ तत्त्वांचा जाहीरनामा संमत झाला. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ऊलॉफ पाल्मे यांच्याखेरीज उपस्थित असलेल्या एकमेव शासनप्रमुख म्हणजे भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी होत. दारिद्र्य व गरज हीच प्रदूषणाची मोठी कारणे नव्हेत काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या भाषणात उपस्थित केला. श्रीमंत राष्ट्रांनी निसर्गाची नासाडी करून समृद्धी मिळविली आणि आता गरीब राष्ट्रांना संयमाचा उपदेश केला जात आहे, ही विकसनशील देशांची भूमिका तेव्हापासून प्रत्येक परिषदेत व्यक्त होत आली आहे. त्याच वर्षी ‘क्लब ऑफ रोम’ या संस्थेसाठी तयार केलेला वाढीच्या मर्यादांवरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि अमर्याद वाढ शक्य आहे काय, ही चर्चा सामान्य वाचकांपर्यंत गेली.

स्टॉकहोम परिषदेनंतर भारतात कायद्यांची एक मालिकाच झाली. वन्य जीव संरक्षण अधिनियम (१९७२), जल प्रदूषण अधिनियम (१९७४) आणि वायू प्रदूषण अधिनियम (१९८१) हे त्यांतील प्रमुख होत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ संमत झाला. रीओ दे जानेरो येथील १९९२ च्या परिषदेत हवामानबदल व जैवविविधता यांविषयीचे करार स्वाक्षरीसाठी खुले झाले. क्योटो संधिपत्र (१९९७), पॅरिस करार (२०१५) आणि त्याच वर्षी स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे ही पुढील वाटचाल होय.

यश व अपयश यांची दोन उदाहरणे : जागतिक ध्येय पूर्णत्वास जाऊ शकते, याचा सर्वांत ठळक पुरावा ओझोन थराच्या रक्षणात मिळतो. क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वायूंमुळे ओझोनचा नाश होतो, ही शक्यता मॅरिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविली. अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन वर्षांतच, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रिऑल संधिपत्रावर स्वाक्षऱ्या झाल्या. पदार्थ कोणते, ते कोणत्या वर्षापर्यंत किती कमी करावयाचे आणि विकसनशील देशांना किती सवलत द्यावयाची, हे त्यात निश्चित होते. १९९० मध्ये लंडन येथे साहाय्यनिधीची तरतूद झाल्यावर १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. जगातील सर्व देशांनी मान्य केलेल्या या संधिपत्रामुळे नियंत्रित पदार्थांपैकी सु. ९९ टक्के पदार्थ वापरातून गेले. अंटार्क्टिकावरील ओझोन थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

याउलट, जपानमधील नागोया येथे २०१० मध्ये जैवविविधतेसाठी स्वीकारलेल्या २० लक्ष्यांपैकी एकही २०२० या मुदतीत पूर्णतः साध्य झाले नाही. सहा लक्ष्ये अंशतः साध्य झाली. दोन्ही ध्येयांच्या उदात्ततेत फारसा फरक नव्हता. फरक होता तो कार्यक्षेत्राचा. ओझोनच्या बाबतीत थोड्याच कारखान्यांत तयार होणारे पदार्थ बदलावयाचे होते व त्यांना पर्याय उपलब्ध होऊ शकले. जैवविविधतेच्या बाबतीत शेती, मासेमारी, खाणी, रस्ते, घरबांधणी व पर्यटन या सर्वांची रीत बदलणे आवश्यक होते. ते करणाऱ्यांची संख्या कोट्यवधी असून, त्यांच्यापैकी अनेकांना परिषदेची वार्ताही नव्हती.

किनाऱ्याचे नियमन : जागतिक ध्येय देशाच्या कायद्यात आणि कायद्यातून एखाद्या पुळणीपर्यंत कसे उतरते, हे किनारा नियमनाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीच्या कमाल रेषेपासून किमान ५०० मी. पर्यंतचा किनारा सर्व प्रकारच्या बांधकामांपासून व उद्योगांपासून मुक्त ठेवावा, असे कळविले. हे ध्येय अत्यंत स्पष्ट होते. तथापि त्याला कायद्याचा आधार नव्हता. तो १९८६ च्या अधिनियमाखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढलेल्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने मिळाला. तीनुसार भरतीरेषेपासून ५०० मी. पर्यंतच्या पट्ट्याचे चार वर्ग करण्यात आले. तिसरा वर्ग ग्रामीण व तुलनेने अविकसित किनाऱ्याचा असून त्यात पहिले २०० मी. विकासनिषिद्ध ठरले. म्हणजे १९८१ च्या पत्रातील ५०० मीटरांचा पूर्ण निषेध दहा वर्षांनी २०० मीटरांवर आला.

अधिसूचनेच्या अंमलबजावणीस राज्यांकडून विलंब झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना किनारा व्यवस्थापनाचे आराखडे तयार करण्याचे आदेश दिले आणि १९९४ च्या दुरुस्तीतील काही सवलती अवैध ठरविल्या. तरीही पुढील काळात सु. पंचवीस दुरुस्त्या होऊन मूळ अधिसूचनेचे स्वरूप पालटले. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर काही काळ किनाऱ्याच्या रक्षणाकडे लक्ष वेधले गेले. ६ जानेवारी २०११ च्या नव्या अधिसूचनेत परंपरागत किनारी समाजांच्या घरांसाठी भरतीरेषेपासून १०० ते २०० मी. मधील पट्ट्यात मुभा देण्यात आली. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाचे लोकसंख्येच्या घनतेनुसार दोन भाग केले : जेथे ती २०११ च्या जनगणनेनुसार दर चौ. किमी. ला २,१६१ पेक्षा अधिक आहे, तेथे विकासनिषिद्ध पट्टा ५० मी. व अन्यत्र २०० मी. राहिला. पुळणींवर तात्पुरत्या पर्यटन-सुविधांनाही तीत वाव मिळाला.

या घसरणीची कारणे केवळ बांधकाम व्यावसायिकांच्या हितात शोधणे एकांगी ठरेल. कोकणात भरतीरेषेलगतचा पट्टा मोकळा नव्हता. तेथे कोळी, भंडारी, दालदी इ. समाजांची घरे, माशांची वाळवणे, होड्या ओढण्याच्या जागा आणि नारळी-पोफळीच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. वडिलार्जित घराची डागडुजी करण्यासही परवाना लागावा आणि शेजारी मोठे उपाहारगृह मात्र सवलतीने उभे राहावे, असा अनुभव आला, की नियमाविषयीचा आदर उरत नाही. मच्छीमारांच्या संघटनांनी १९९१ च्या अधिसूचनेला एका बाजूने आपली ढाल मानले, तर दुसऱ्या बाजूने ती आपल्यावरच चालविली जाते, अशी तक्रार केली. आरे-वारे परिसरासारख्या ठिकाणी मोकळी पुळण हेच पर्यटकांना येण्याचे कारण असते आणि येणाऱ्यांची सोय करण्यासाठी तीच पुळण व्यापण्याचा मोह होतो. हा विरोधाभास कोणत्याही अधिसूचनेने सुटलेला नाही.

कांदळवनांच्या बाबतीत अनुभव अधिक आशादायक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कांदळवनांच्या तोडीस प्रतिबंध झाला आणि २०१२ मध्ये राज्य शासनाने त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र १८६ चौ. किमी. होते, २०२१ च्या अहवालात ते ३२४ चौ. किमी., तर २०२३ च्या अहवालात ३१५ चौ. किमी. नोंदले गेले. एक निश्चित वनस्पतिसमूह, मोजता येणारे क्षेत्र, उत्तरदायी यंत्रणा आणि न्यायालयाची देखरेख अशी जोड येथे जमून आली.

समुद्री कासवे : रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ध्येय व व्यवहार यांचा सर्वांत यशस्वी मेळ घातला गेला. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे कोकणच्या पुळणींवर हिवाळ्यात अंडी घालतात. वन्य जीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आणि धोक्यातील जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात (१९७३) या जातीला संरक्षण असूनही, अंडी चोरीस जाणे व कुत्री-कोल्ह्यांनी ती फस्त करणे चालूच होते. चिपळूण येथील ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने विश्वास (भाऊ) काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये वेळास येथे संरक्षणाचे काम सुरू केले. घरट्यातील अंडी कुंपण घातलेल्या जागी तितक्याच खोलीच्या खड्ड्यांत ठेवावयाची, सु. ४५ ते ६० दिवसांनी निघणारी पिले समुद्रात जाऊ द्यावयाची आणि देखरेखीसाठी गावातीलच माणसे नेमावयाची, अशी ही साधी पद्धत होती. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिले पाहण्यास येणाऱ्यांची राहण्या-जेवण्याची सोय ग्रामस्थांच्या घरांत होऊ लागली आणि कासवाचे अंडे विकण्यापेक्षा ते राखणे गावाच्या लाभाचे ठरले. वन विभागाच्या सहभागाने हे काम पुढे आंजर्ले, गुहागर आदी किनाऱ्यांवर पसरले.

या कासवांना देशांच्या व राज्यांच्या सीमा नसतात. २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे मागोवा घेणारी उपकरणे बसविण्यात आली. २०२३ मध्ये गुहागर येथून सोडलेली एक मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तर २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. एका गावाने राखलेल्या घरट्याचे फलित दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचते आणि दुसरीकडील हलगर्जीपणाची झळ पहिल्या गावाला लागते. अशा जातीचे रक्षण हे ध्येय स्वभावतःच आंतरराष्ट्रीय आहे. त्याचे आचरण मात्र एकेका पुळणीवरच होऊ शकते.

पश्चिम घाट : याउलट, पश्चिम घाटाच्या बाबतीत ध्येय व लोक यांच्यात दरी पडली. केंद्र शासनाने मार्च २०१० मध्ये परिस्थितिवैज्ञानिक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि अंतिम सीमा व निर्बंध ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावेत, अशी त्याची शिफारस होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सु. २५ गावांच्या ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत, असे ठरावही केले होते. तथापि अहवाल मे २०१२ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. शेती व घरे यांवर बंदी येणार, अशी भीती अनेक भागांत पसरली आणि राज्यांनी विरोध केला. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या गटाने एप्रिल २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सु. ३७ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. त्यानंतर २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा मसुदा-अधिसूचना निघाल्या. दरम्यान २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून घोषित झाली. त्यांपैकी कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार महाराष्ट्रात आहेत. जागतिक गौरव मिळण्यास जितका अवधी लागला, त्याहून कितीतरी अधिक अवधी स्थानिक सहमतीला लागत आहे.

रक्षणाची कल्पना या प्रदेशाला परकी आहे, असे मात्र नाही. कोकणातील व घाटावरील देवराया ग्रामदेवतेच्या नावाने शतकानुशतके राखल्या गेल्या. गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणे आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मासेमारीस पुन्हा आरंभ करणे, ही प्रथाही वादळी समुद्रापासून माणसाचे आणि विणीच्या काळात माशांचे रक्षण करीत आली. अशा प्रथांची व्याप्ती लहान, नियम सोपे आणि भंग करणारा ओळखीचा असे. सामाईक साधनसंपत्ती अखेर नष्टच होते, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये केले होते. परंतु स्थानिक समाज स्वतः नियम करून ती दीर्घकाळ टिकवू शकतात, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील ग्रंथात अनेक देशांतील उदाहरणांनी दाखविले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ध्येयांचा परस्परविरोध : सर्व पर्यावरणीय ध्येये एकाच दिशेने जातात, हे गृहीत धरणे योग्य नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे नैसर्गिक वायूवर चालणारा दाभोळ प्रकल्प, तर जयगड येथे १,२०० मेवॉ. क्षमतेचे कोळशावरील वीजकेंद्र आहे. राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात ९,९०० मेवॉ. क्षमतेचा जैतापूर अणुवीज प्रकल्प नियोजित असून त्याला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. अणुवीज ही कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या ध्येयाशी जुळणारी मानली जाते. परंतु तेथील मच्छीमार व बागायतदार यांच्या दृष्टीने जमीन, मासेमारीची जागा व समुद्राचे तापमान हे प्रश्न अधिक निकडीचे होते. एप्रिल २०११ मधील आंदोलनात गोळीबार होऊन एक जण मृत्युमुखी पडला. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले. ते गाठावयाचे तर वीज कोठेतरी निर्माण करावीच लागेल. ज्या गावांत ती निर्माण होते त्यांनी भार सोसावा आणि लाभ दूरच्या शहरांना मिळावा, ही १९७२ मध्ये राष्ट्राराष्ट्रांत दिसलेली विषमता एकाच राज्याच्या सीमेतही आढळते.

प्लॅस्टिकच्या कचऱ्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने दिसतो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये पिशव्या इ. वस्तूंवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु पावसाळी लाटा पुळणीवर आणून टाकतात तो कचरा दूरदूरच्या नद्या व जहाजे यांतूनही येतो. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्लॅस्टिकविषयी बंधनकारक करार करण्याचे ठरविले. तथापि ऑगस्ट २०२५ मधील जिनीव्हा येथील वाटाघाटीही कराराविना संपल्या. उत्पादन कमी करावयाचे की केवळ कचऱ्याची विल्हेवाट लावावयाची, हा त्यांतील मुख्य वाद होता.

मूल्यमापन : जागतिक पर्यावरणीय ध्येयांवर सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात. मानवी स्वभाव मूलतः स्वार्थी असल्याने ती साध्य होणार नाहीत, हा पहिला. आणि ती साध्य करण्याच्या प्रयत्नात गरिबांचा विकास खुंटेल, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाला ओझोनचे उदाहरण आणि वेळासचा अनुभव हे उत्तर आहे. दोन्ही ठिकाणी स्वार्थ नाहीसा झाला नाही. तो ध्येयाच्या बाजूस वळविला गेला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि किनारा नियमन, पश्चिम घाट व जैतापूर यांचा इतिहास त्याला पुष्टी देतो. भार वाटून घेण्याची तरतूद नसलेले ध्येय प्रथम सवलतींनी पोखरले जाते आणि मग कागदावर उरते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार शाश्वत विकासाच्या लक्ष्यांपैकी केवळ सु. १७ टक्के अपेक्षित गतीने पुढे जात होती.

यावरून जागतिक ध्येये सोडून केवळ स्थानिक प्रयत्नांवर विसंबावे, असा निष्कर्ष निघत नाही. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची जागतिक सरासरी पातळी सु. २० सेंमी. ने वाढली. पॅरिस करारात तापमानवाढ १·५° से. पर्यंत रोखण्याचा प्रयत्न करावा, असे ठरले असता, २०२४ हे एकच वर्ष औद्योगिकीकरणपूर्व पातळीपेक्षा सु. १·५५° से. अधिक उष्ण ठरले. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याबरोबर दापोली व मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागांची अपरिमित हानी केली; अशी बाग पुन्हा उत्पन्न देऊ लागण्यास अनेक वर्षे जावी लागतात.

समुद्री कासवाच्या पिलाचे लिंग अंडी ज्या वाळूत असतात तिच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली, तर माद्यांचे प्रमाण वाढते व फार तापली, तर पिले दगावतात. घरट्याभोवती कुंपण घालणे, रात्री पहारा देणे आणि चोरी थांबविणे हे गावाच्या हाती आहे व ते काही गावांनी करून दाखविले आहे. वाळूचे तापमान मात्र कोणत्याही एका गावाच्या, तालुक्याच्या किंवा देशाच्या हाती नाही. या मर्यादेपलीकडे जे उरते, त्याच्यासाठीच जागतिक ध्येयांची गरज आहे. ती गाठण्यास मानवजात समर्थ आहे किंवा नाही, हे परिषदांतील ठरावांवरून नव्हे, तर त्या ठरावांचा भार व लाभ आरे-वारेसारख्या किनाऱ्यांवरील वस्त्यांपर्यंत न्याय्य रीतीने पोहोचतो किंवा नाही, यावरून ठरेल.